बॉन टेर खदान, मिसुरी: पंप बंद झालेल्या खदानीत चार डाइव्ह

आधी रिव्ह्यू थोडक्यात सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं एवढंच वाचलं तरी चालते. अमेरिकेत मिसुरी राज्यात बॉन टेर नावाचं छोटं गाव आहे, त्या गावाखाली शिशाची जुनी अंडरग्राउंड खदान आहे, तिचे खालचे मजले पाण्यानं भरलेले आहेत आणि त्या पाण्यात स्कूबा डायव्हिंग करता येते. मी मागच्या डिसेंबरात दोन दिवसांत चार डाइव्ह मारून आलो. पाणी इतकं स्वच्छ की पहिले दोन मिनिटं मला पाणी दिसतच नव्हतं, नुसती खदान दिसत होती. थंडी आहे, पायऱ्या आहेत, मासे आणि कोरल बघायची ही जागा नाही. पण ज्याच्या घरी कोणी खदानीत पाळी केली आहे आणि ज्याला डायव्हिंग येते त्यानं पैसे जमवून एकदा जावंच, असं मी मनापासून सांगतो.

आता सविस्तर. गावच्या ग्रुपवर फोटो टाकल्यापासून सगळे एकच विचारून राहिले, "काहून गेला बे तू तिथं, पाण्यात पाहाले का होतं?" त्याचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही म्हणून इथं लिहून राहिलो.

मी तुमसर तालुक्यातला. आमच्याकडं चिखला आणि डोंगरी बुजरुक अशा मॉइलच्या, म्हणजे मॅंगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीच्या, दोन खदानी, चिखला अंडरग्राउंड आणि डोंगरी ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी. माझे बाबा खदानीत पंप ऑपरेटर होते, ३१ वर्ष. अंडरग्राउंड खदानीत पंपवाल्याचं काम काय असते हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. दगडातून चोवीस तास पाणी झिरपत असते, ते खाली सम्पात, म्हणजे पाण्याच्या खड्ड्यात, जमा होते, तिथून पंपानं वरच्या लेव्हलला, तिथून परत पंपानं वर, असं टप्प्याटप्प्यानं बाहेर फेकायचं. फूटवॉल्व्ह अडकला, प्रायमिंग सुटलं, वीज गेली की धावपळ. पावसाळ्यात तर बाबा कधी घरी दिसायचेच नाही. ते म्हणायचे, "माणूस आठ घंटे माल काढते अन पंप चोवीस घंटे पाणी काढते. माणसानं सुट्टी घेतली तं चालते, पंपानं घेतली तं नाही चालत."

खदानीच्या वस्तीत वाढलेल्या पोराला 'खदानीत पाणी शिरलं' हे शब्द ऐकले की पोटात गोळाच येते. धनबादकडं चासनाला कोळसा खदानीत १९७५ च्या डिसेंबरात शेजारच्या जुन्या खोदकामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि साडेतीनशेच्या वर माणसं गेली. ते झालं झारखंडात, तेव्हाच्या बिहारात, पण आमच्याकडचे जुने कामगार अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. जुन्या पाणी भरलेल्या कामाजवळ जायचं तर आधी लांब बोअर मारून चाचपून पाह्यचं, मगच पुढं सरकायचं, हे बाबांनी मला मी सातवीत असताना समजावलं होतं, जेवताना ताटात भाताची भिंत करून आणि तिच्यामागं वरण ओतून. मी ते विसरलो नाही.

तर अशा घरातल्या पोराला पंप बंद केल्यावर खदान कशी दिसते हे पाह्यचं होतं, बस. बाबांनी ३१ वर्ष जे होऊ दिलं नाही ते झाल्यावर आत काय असते, एवढाच प्रश्न होता.

पोहणं मी रानातल्या विहिरीत शिकलो, पाठीला वाळलेला भोपळा बांधून, आमच्या पिढीतले बहुतेक सगळे असेच शिकले. डायव्हिंग पुढं नोकरी लागल्यावर तारकर्लीला एमटीडीसीच्या सेंटरला शिकलो, ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या परीक्षेचं, कार्ड तिथंच मिळालं, मग अंदमानात काही डाइव्ह मारल्या. बॉन टेरला उतरायला निदान हे कार्ड लागतेच, त्याशिवाय पाण्यात घेत नाहीत. कार्ड नसेल तरी आत चालत फिरायची टूर आहे आणि बोटीची टूर आहे, तिचं पुढं सांगतो कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

माझा धाकटा भाऊ सेंट लुईसला राहते. तिथून दक्षिणेला गाडीनं साधारण ९५ किलोमीटर, सव्वा तासात पोचलो. हा सगळा पट्टा जुना लेड बेल्ट, म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणून ओळखला जाते. खदानीतून काढलेला माल दळून शिसं वेगळं केल्यावर जो बारीक चुरा उरायचा त्याला तिथं चॅट म्हणतात, त्याचे डोंगरच्या डोंगर या जिल्ह्यात उभे राहिले होते आणि त्यातल्या शिशामुळं माती आणि नदी खराब झाली म्हणून सरकारला मोठी साफसफाई करावी लागली, अजून चालू आहे. बाहेरून आलेल्या माणसाला हे दिसत नाही, पण डोंगरीकडचे काळे ढिगारे पाहत मोठा झालेला माणूस असला की नजर आपोआप तिकडं जाते. भाऊ म्हणाला, दादा तू बर्फ पाहायचं सोडून ढिगारे पाहून राहिला.

खदानीचा इतिहास असा की सेंट जोसेफ लेड कंपनीनं १८६४ मध्ये ही जमीन घेतली आणि पुढं जवळजवळ शंभर वर्ष इथून शिसं काढलं. दगड डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखा, त्यात गॅलेना, म्हणजे शिशाचा खनिज दगड, चकचकीत चौकोनी तुकड्यांसारखा. १९६२ साली खदान बंद झाली, पंप बंद झाले आणि जमिनीतलं पाणी हळूहळू वर चढत गेलं. एकूण पाच लेव्हल, त्यातल्या खालच्या तीन पाण्यात, वरच्या दोन कोरड्या. १९७४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचं नाव गेलं आणि नंतर डायव्हिंगवाल्यांनी ती भाड्यानं नाही तर जन्माची सोबत केल्यासारखी सांभाळली आहे. समुद्रातल्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेले फ्रान्सचे जॅक कुस्तोही इथं येऊन गेले. आणि १९६२ हे साल वाचून मी जागीच थांबलो, कारण त्याच वर्षी मॉइल उभी राहिली. त्यांच्या खदानीचा पंप बंद झाला त्या वर्षी आमच्याकडचं नवं खातं सुरू झालं.

जायच्या आधी एक गोष्ट कळून घ्या, नाहीतर आत काय बघतोय ते समजत नाही. इथं रूम अँड पिलर पद्धतीनं काम झालं आहे, म्हणजे माल काढायचा आणि मध्ये मध्ये दगडाचे जाडजूड खांब सोडून द्यायचे, छत त्या खांबांवर. माल गेला की ती जागा पोकळच राहते, मोठमोठ्या दालनांसारखी. आमच्या मॅंगनीज खदानीत असं नसते, तिथं माल काढला की पोकळीत पाण्यासोबत वाळू सोडून ती भरून घेतात, त्याला सॅंड स्टोइंग म्हणतात. म्हणजे उद्या आमची खदान बंद करून पाणी भरू दिलं तरी असा भूमिगत तलाव होणार नाही. हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं आणि बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मंग? ते त मी पह्यलेच म्हणलो होतो तुले."

आता सामानाचं. पाण्याचं तापमान वर्षभर १४ डिग्रीच्या आसपास असते, उन्हाळा असो की बर्फ. जमिनीखाली खोल गेलं की तिथल्या वर्षभराच्या सरासरी हवेएवढं तापमान असते, म्हणून. आपल्या विदर्भात तेच २७ च्या आसपास येते, त्यामुळंच डिसेंबरात पहाटे ओलिताला गेलं की विहिरीचं पाणी कोमट लागते आणि वाफ निघताना दिसते. १४ डिग्री म्हणजे त्याच्या अर्धं. सात मिलीमीटर जाडीचा वेटसूट, डोक्याला हूड, हातात ग्लोव्हज, पायात बूट, यातलं एकही कमी करू नका. मी सूट सेंट लुईसमधल्या एका दुकानातून भाड्यानं नेला होता, दुकानाचं नाव घेत नाही, तर त्याच्या पाठीवरची चेन खालच्या टोकाला नीट बसत नव्हती आणि मी घाईत ते पाहिलं नाही. दुसऱ्या डाइव्हला दहाव्या मिनिटाला कमरेपासून वर बर्फाची सुई फिरल्यासारखं झालं आणि विसाव्या मिनिटाला दात रेग्युलेटरवर, म्हणजे ज्यातून श्वास घेतो त्या तोंडातल्या नळीवर, वाजायला लागले. गाइडला थंडीची खूण केली, त्यानं लगेच सगळ्यांना वळवलं, कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी खदानीतूनच सूट भाड्यानं घेतला आणि दोन्ही डाइव्ह मजेत झाल्या. म्हणून सांगतो, सूट भाड्यानं घ्यायचा तर दुकानातच पूर्ण घालून, चेन लावून, खाली वाकून पाह्या, लाजू नका.

वजनाचा पट्टा हा आणखी एक मुद्दा. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड, ते माणसाला जास्त उचलते, गोड्या पाण्यात कमी उचलते, म्हणून गोड्या पाण्यात वजन कमी लागायला पाहिजे. पण सात मिलीमीटरचा सूट स्वतःच बुचासारखा तरंगते, म्हणून अंदमानपेक्षा मला इथं दुपटीच्या जवळपास वजन लागलं. डाइव्हच्या आधी डॉकजवळ, म्हणजे पाण्यात उतरायच्या धक्क्याजवळ, वजन तपासून घ्या, अंदाजानं जाऊ नका. आणि त्या पट्ट्यातली वजनं शिशाची असतात. शिशाच्या खदानीत कमरेला शिसं बांधून उतरायचं, हे मला पट्टा आवळताना लक्षात आलं आणि मी दोन क्षण त्या ठोकळ्यावर हात ठेवून उभा राहिलो. कुठल्यातरी माणसानं ते कुठल्यातरी अंधारात दगडातून काढलं आहे.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी अजून एक, तिथं खोली फुटात आणि टाकीतल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात. टाकीत ३००० पीएसआय म्हणजे आपले साधारण २०० बार, ३३ फूट म्हणजे १० मीटर. पाण्याखाली थंडीनं डोकं हळू चालते, तेव्हा हिशोब करत बसू नका, आदल्या रात्री पाठ करून जा.

ब्रीफिंग चांगलं होतं, घाई नव्हती. डाइव्हच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यांना नंबर आहेत. तुम्ही कितीही मोठे डायव्हर असा, पहिली डाइव्ह एक नंबरच्या वाटेनं, ती नीट झाली की दोन नंबर, असं. पुढं गाइड, शेवटी एक सेफ्टी डायव्हर, आपण मध्ये. माझ्यासोबत एक माणूस होता, त्याच्याकडं शेकड्यांनी डाइव्ह असतील, तोही एक नंबरलाच. मला हे फार आवडलं. आमच्याकडं खदानीत नवा माणूस कितीही शिकलेला असो, पहिल्या दिवशी सरदाराच्या, म्हणजे पाळीवर सुरक्षा पाहणाऱ्या माणसाच्या, मागंच चालते, तसंच.

मग पायऱ्या. जुन्या काळी खेचरं याच वाटेनं आत नेत होते, खाली मालाचे डबे ओढायला. साठ-सत्तर पायऱ्या असतील, अंगात सात मिलीमीटर, पाठीवर टाकी, हळूहळू उतरायचं. बाहेर बर्फ पडत होता आणि खाली जाता जाता हवा ऊबदार होत गेली, आणि मग वास आला. ओल्या दगडाचा, गंजलेल्या लोखंडाचा. हा वास मला लहानपणापासून माहीत आहे, बाबांच्या डब्याच्या पिशवीला यायचा. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दुसरा दगड, दुसरं खनिज आणि वास तोच. मी पायरीवर थांबलो तर मागच्यानं विचारलं बरा आहेस ना, मी म्हटलं हो.

खाली वळलं की एकदम उघडते. छताला मोठमोठे दिवे लावले आहेत, सगळे मिळून पाच लाख वॅटचे, आणि त्यांचा उजेड पाण्यात खोलवर जाते. खांब पाण्यातून वर येऊन छताला भिडलेले, आणि तेच खांब पाण्यात खाली खाली गेलेले दिसतात, कुठं संपतात ते नाही दिसत. शंभर फुटांच्या वर दिसते म्हणतात, मला ते खरं वाटलं. पाणी एवढं स्वच्छ का, हे मी विचारलं नाही कारण विहिरीवाल्याला ते सांगायची गरज नसते: ऊन नाही म्हणून शेवाळ नाही, वारा नाही, प्रवाह नाही, पाणी दगडातून गाळून आलेलं आणि इतक्या वर्षांत गाळ तळाला बसून गेलेला. तो गाळ मात्र एका लाथेनं उठते. म्हणून पाय सायकल मारल्यासारखे मारायचे नाही, बेडकासारखे मारायचे, तळापासून वर राहून. याचा सराव आधी स्विमिंग पूलमध्ये करून जा, मागून येणाऱ्याची डाइव्ह तुमच्यामुळं खराब नको व्हायला.

पहिल्या डाइव्हला मी ५० फुटांच्या थोडं वर गेलो असेन. खाली मालाचे डबे, ज्यांना आमच्याकडं टब म्हणतात, रुळावर तसेच उभे. लोखंडी जिने, पाइप, केबलचे हूक. खारं पाणी नाही म्हणून लोखंड खाल्लं गेलेलं नाही, त्यावर लाल पातळ थर आहे एवढंच. समुद्रात बुडालेलं जहाज पाहिलं होतं मी, त्यावर शंख-शिंपल्या-कोरल इतके वाढतात की जहाज ओळखू येत नाही. इथं काहीच वाढत नाही. जी वस्तू जिथं ठेवली ती तिथंच. मला सारखं वाटत होतं की पाळी सुटली आहे आणि दुसरी पाळी अजून यायची आहे.

एका टबाजवळ गाइडनं टॉर्च मारली आणि थांबला. बाकीचे टब पाहत होते, मी छत पाहत होतो. ते सांगतो नीट, कारण या रिव्ह्यूत मला तेच सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

खदानीत माणूस कायम छताखाली असते. सरदार काठीनं छत ठोकून आवाज ऐकते, टणक वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर माणसं मागं. बाबांची नजर अजूनही कोणाच्या घरी गेले की आधी स्लॅबवर जाते. छत ही खालून, मान वर करून, भीतीनं पाह्यची गोष्ट. आणि मी तिथं पाण्यात तरंगत छताच्या बरोबरीनं होतो, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. ड्रिलच्या भोकांचे अर्धे नळे दगडात स्पष्ट दिसत होते, ब्लास्टिंगनंतर भोकाचा अर्धा भाग उडून जाते आणि अर्धा भिंतीला राहते तो. एकाशेजारी एक, सारख्या अंतरानं, सारख्या तिरक्या कोनात. ज्यानं ती भोकं मारली त्याचा हात चांगला होता. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नसेल, पण त्याचं काम सत्तर-ऐंशी वर्षांनी कोणी तुमसरचा माणूस दोन फुटांवरून वाचून राहिला होता. मास्कमध्ये डोळ्याला पाणी आलं तर पुसता येत नाही, हे तेव्हा कळलं.

तिसरी आणि चौथी डाइव्ह जास्त शांत झाली. काही ठिकाणी वर मोकळं पाणी आणि हवा असते, काही ठिकाणी कमानीखालून जावं लागते तेव्हा डोक्यावर दगड. समुद्रात त्रास झाला तर सुरक्षित वेगानं सरळ वर जाता येते, इथं प्रत्येक ठिकाणी ते जमत नाही, म्हणून हवा किती उरली हे सारखं पाहा, गाइडनं विचारायच्या आधी सांगा. कान सुरुवातीपासून, थोड्या थोड्या अंतरानं मोकळे करत उतरा, थंड पाण्यात एकदा दुखला की पूर्ण डाइव्ह जाते. ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांनी आधी नुसतं चालत फिरून पाहावं, मग ठरवावं. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर कमीत कमी १८ तासांनी घ्या, मी पूर्ण दिवस मध्ये ठेवला होता.

"शिशाचं पाणी, अंगाला काही होणार नाही का?" हे आईनं विचारलं होतं. गॅलेना पाण्यात फार म्हणजे फारच कमी विरघळते, त्यात डोलोमाइटचा दगड, त्यामुळं पाणी आम्लधर्मी होत नाही. आपण काही ते पीत नाही, तोंडात रेग्युलेटर असते, बाहेर आल्यावर आंघोळ करायची. लेड बेल्टचा त्रास पाण्यापेक्षा त्या वरच्या चॅटच्या धुळीचा जास्त होता.

पैशाचं म्हणाल तर डाइव्हचा खर्च विमानाच्या तिकिटापुढं काहीच नाही, भाऊ तिथं नसता तर मी गेलो नसतो. फक्त डायव्हिंगसाठी इतक्या लांब जा असं मी कोणाला सांगणार नाही. पण आपल्या भागातले किती तरी पोरं-पोरी आता तिकडं नोकरीला, शिकायला आहेत, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. युरोपात असाल तर फिनलंडमध्ये ओयामो, हंगेरीत बुडापेस्टला कोबान्या, स्वीडनमध्ये तुना-हेस्टबेरी, या पण पाणी भरलेल्या खदानी आहेत आणि तिथंही डायव्हिंग होते, पण फिनलंड-स्वीडनला पाणी यापेक्षा खूप थंड आणि बऱ्याच ठिकाणी ड्रायसूट आणि जास्तीचं ट्रेनिंग लागते.

आता एक गोष्ट हात जोडून. हे वाचून आपल्याकडच्या पाणी भरलेल्या खड्ड्यात कोणी उतरू नका. वणी, घुग्घुस, उमरेडकडच्या कोळशाच्या जुन्या खदानी असो की गावोगावच्या गिट्टी खदानी. वरून पाणी निळंशार दिसते, मे महिन्यात ४५ डिग्रीत पोरांना मोह होते. पण विहिरीला पायऱ्या असतात, तलावाला उतार असते, या खड्ड्यांना काठच नसते, एक पाऊल आत आणि एकदम पन्नास फूट. कडा मातीच्या ढिगाऱ्यांच्या, हात धरला की सुटतात. वरचं दोन हात पाणी गरम आणि त्याखाली एकदम थंड, पोहणाऱ्याचा श्वासच अडकते. खाली जुन्या तारा, पाइप, झाडं. माझ्या वर्गातला एक मुलगा दहावीच्या सुट्टीत असाच गेला, चांगला पोहणारा होता, माझ्यापेक्षा चांगला. बॉन टेरला मी जे केलं त्याच्यामागं ठरलेल्या वाटा आहेत, पुढं-मागं माणसं आहेत, वर उजेड आहे, प्रत्येक माणसाचं कार्ड तपासलेलं आहे. यातलं एक जरी नसेल तर ते डायव्हिंग नाही.

आणि ज्यांना पाण्यात न जाता खदान आतून पाह्यची आहे त्यांच्यासाठी घराजवळ, सावनेरला, वेकोलि (कोळशाची सरकारी कंपनी) आणि एमटीडीसीनं २०१६ मध्ये खदान पर्यटन सुरू केलं होतं, सध्या कोणत्या दिवशी नेतात ते आधी विचारून घ्या. पोरांना जरूर न्या. आपल्या जिल्ह्यांचं पोट ज्या जागेनं भरलं ती जागा पोरांनी पाहिलेलीच नसते.

परत आलो त्या संध्याकाळी बाबांना फोटो दाखवले. पाण्याखालचे नाही, डॉकवरून मोबाइलनं काढलेले. त्यांनी दिव्यांकडं पाहिलं नाही, खांबांकडं पाहिलं. "पिलर किती जाडे हायत?" मी म्हटलं, आपलं घर मावते एवढे. "छत सुटलेलं दिसलं का कोठी?" नाही. "स्टोइंग नाही केलं मंग इतके वर्ष कसं टिकलं?" मी सांगितलं, खांब सोडले म्हणून. मग त्यांनी एक फोटो बोटांनी मोठा केला, काठाला एक पाइप पाण्यात उतरताना दिसते त्याचा. खूप वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हा पंपाच्या डिलिव्हरीचाच असन. फ्लँज पाह्य. इथं कोणीतरी माह्यासारखाच बसला असन रातभर." मग चष्मा काढून शर्टाला पुसला. "शेवटच्या दिवशी स्विच त्यालेच बंद कराले सांगतला असन का रे?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात भाऊ आई-बाबा दोघांनाही तिकडं बोलावून राहिला. बोटीच्या टूरला डायव्हिंग लागत नाही, नुसतं बसायचं, बोट त्या खांबांमधून फिरते आणि खालचं सगळं वरून दिसते. आईचा अजून विचार नाही. बाबांचे गुडघे दुखतात, तीन वर्षांपासून ते मंदिराच्या पायऱ्याही चढत नाहीत. काल रात्री जेवण झाल्यावर अंगणात खाटेवर पडले होते, मला वाटलं झोपले.

"पायऱ्या किती म्हणला होता तू?"

साठ-सत्तर, मी म्हटलं.

"रेलिंग हाय ना दोन्ही बाजूनं?"